दातांच्या कीटणातला निळा

जर्मनीत डालहाइम इथे मध्ययुगात स्त्रियांचा एक लहानसा मठ होता. चौदाव्या शतकात तो आगीत गेला, त्यातले ग्रंथही उरले नाहीत. उरली फक्त दफनभूमी. तिथल्या एका स्त्रीच्या दातांवरचं कीटण संशोधक तपासत होते. तिचा आहार काय होता, एवढंच त्यांना पाहायचं होतं. कीटण विरघळवलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली निळे कण दिसले. एक-दोन नव्हे, शंभराहून जास्त! चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या प्रकाशपरिणामावर चालणाऱ्या उपकरणाने ओळख पटवली: लाजवर्द, म्हणजे लॅपिस लाझुली. २०१९ मध्ये ही बातमी आली, तेव्हा मध्ययुगीन कलेच्या अभ्यासकांना मोठाच धक्का बसला. कारण हा दगड त्या काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा आणि त्याचा रंग सोन्याच्या तोडीचा मानला जायचा. (आपल्या अजिंठ्यातल्या निळ्यातही लाजवर्दच आहे.) तो कुणाच्याही हाती पडत नसे.

दगड नुसता कुटला तर पूड करडी पडते, कारण त्यात पांढरी खनिजं मिसळलेली असतात. यावरची कृती चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने सुमारे १४०० साली लिहून ठेवली. राळ आणि मेण वितळवून त्यात पूड कालवायची, गोळा किमान तीन दिवस मुरू द्यायचा, मग राखेच्या पाण्यात कणकेसारखा तिंबायचा. निळे कण सुटून पाण्यात उतरतात, मळ गोळ्यातच अडकून राहतो. पहिल्या पाण्याचा रंग सर्वांत गडद, पुढचा फिका, शेवटचा नुसता राखाडी. हा निळा येतो गंधकामुळे. अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात गंधकाचे तीन-तीन अणू एकत्र कोंडलेले असतात. ते पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतात.

एवढा खटाटोप कशासाठी? देवासाठी. बाराव्या शतकापासून मरियामातेच्या अंगावर निळं वस्त्र रूढ होत गेलं, आणि तिला हलका रंग कसा चालेल? धर्मग्रंथाच्या पानावर सोन्याचा वर्ख आणि लाजवर्दी निळा लावणं ही पूजाच होती, असं मला वाटतं. म्हणूनच बहुतेक चित्रकारांनी नाव लिहिलं नाही. बाराव्या शतकातली गुडा ही जर्मन नन अपवाद. प्रवचनांच्या एका ग्रंथात, एका मोठ्या अक्षराच्या पोटात तिने स्वतःचं चित्र काढलं आणि लिहिलं, की हे पुस्तक गुडा या पापी स्त्रीने लिहिलं आणि रंगवलं.

डालहाइमच्या स्त्रीचं नाव मात्र कुठेच नाही. वय पंचेचाळीस ते साठ, मृत्यू साधारण हजार ते बाराशे या सालांमधला. रंग कुटताना धूळ तोंडात गेली असेल, पवित्र चित्रांचं चुंबन घेताना कण लागले असतील, अशाही शक्यता संशोधकांनी तपासल्या. त्यांना सर्वांत पटलेलं उत्तर साधं आहे: बारीक रेघ ओढण्याआधी ती कुंचल्याचं टोक ओठांत धरून ओलं करायची, अणकुचीदार करायची. कण एकाच जागी नव्हते, कीटणात ठिकठिकाणी विखुरलेले होते. म्हणजे हे एखाद्या दिवसाचं काम नव्हतं.