कार्डावरचे लाख आणि पॅकेजचा दर

मावशीचं दीनदयाळ कार्ड, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड, रबरबँड लावलेल्या पिशवीत, देवघराच्या खणात असतं. घरात पाच माणसं, म्हणून वर्षाला चार लाखांचं कवच. गेल्या पावसाळ्यात पित्ताशयात खडे निघाले तेव्हा ती काणकोणहून मडगावच्या एका खासगी इस्पितळात गेली. काउंटरवरच्या मुलाने कार्ड पाहिलं, 'चालू आहे' म्हणाला आणि परत दिलं. "पण हे ऑपरेशन आम्ही कार्डावर करत नाही, मावशी."

चार लाख असताना असं कसं, हा तिचा प्रश्न. तर चार लाख ही तिची मर्यादा. इस्पितळाच्या हाती पडतो तो पॅकेजचा दर.

गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016ची. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चौघं किंवा जास्त असतील तर चार लाख. 2018मध्ये आलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला पाच लाख. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात ते हेच आकडे. दर मात्र यादीत असतो: अमुक शस्त्रक्रियेला एकरकमी अमुक रुपये, आणि त्यातच खाट, सर्जन, भूलतज्ज्ञ, औषधं, जेवण, सगळं. वर रुग्णाकडून एक रुपयाही मागायचा नाही.

कवच आणि दर यांतला फरक अतिदक्षता विभागात उघडा पडतो. आयुष्मान भारतच्या राष्ट्रीय यादीत व्हेंटिलेटरसह खाटेला दिवसाला 4,500 रुपये होते. ऑक्टोबर 2021मध्ये ते 9,000 झाले. आता हिशेब करा. जुन्या दराने पाच लाखांत 111 दिवस निघायचे, नव्या दराने 55. म्हणजे कागदावर कार्ड अर्ध्यावर आलं! पण 4,500 रुपयांत व्हेंटिलेटर चालवणं ज्याला परवडत नव्हतं, ते इस्पितळ आता निदान दार तरी उघडेल. वाढलेला दर रुग्णाच्या खात्यातून जातो आणि तरीही त्याच्याच कामी येतो. हे पचायला जरा वेळ लागतो, मलाही लागला.

काणकोणला हा दर आणखी वेगळा वागतो. मडगावात ऑपरेशन थिएटर दिवसभर चालतं, खर्च दहा रुग्णांवर वाटला जातो. चावडीवरच्या छोट्या नर्सिंग होमला भूलतज्ज्ञ चाळीसेक किलोमीटरवरून बोलवायचा, तोही एका ऑपरेशनसाठी. दर सारखाच असेल तर आधी हात वर करणार ते तेच. आयुष्मानमध्ये आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांतल्या इस्पितळांना दहा टक्के जास्त देण्याची सोय आहे, पण गोव्यात असा एकही जिल्हा नाही. जिल्ह्याच्या सरासरीत काणकोण, सांगे, सत्तरी हे तालुके दिसेनासे होतात, असं माझं मत. त्यात बिल उशिरा पास झालं की मोठं इस्पितळ तग धरतं, छोटं योजनेतूनच बाहेर पडतं.

कवच वाढवून यातलं काही हलत नाही. चार लाखांचे आठ केले तरी खड्याच्या ऑपरेशनचा दर आहे तिथेच राहील, आणि मडगावच्या काउंटरवर तेच उत्तर मिळेल.

मावशीचं ऑपरेशन शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात झालं, रांगेत नंबर लागल्यावर. आता कोणी शेजारीण इस्पितळात निघाली की ती बजावते: "कार्ड चालतं का, असं विचारू नको. माझं ऑपरेशन कार्डावर इथं करता का, असं विचार."