नोबिता कोमात नव्हता

दर दोन-चार महिन्यांनी डोरेमॉन या जपानी कार्टूनबद्दल (भविष्यातून आलेला रोबो-मांजर आणि त्याचा मित्र नोबिता यांची गोष्ट) तोच फॉरवर्ड येतो: ‘डोरेमॉनचा शेवट माहितीये? नोबिता अपघातात कोमात गेलेला असतो आणि डोरेमॉन हे त्याचं स्वप्न.’ खाली रडक्या इमोजींची रांग. हंगामा चॅनलवर वाढलेली आमची पिढी यावर हमखास हळवी होते.

पण असा भाग नाहीच. जपानमध्येही ही अफवा जुनी आहे. मूळ लेखक फुजिको एफ. फुजिओ 1996 साली वारले, आणि मालिकेचा अंतिम शेवट त्यांनी लिहिलाच नाही.

अफवेला जागा कुठून मिळाली, ते मात्र गमतीचं आहे. डोरेमॉनची मूळ चित्रकथा इयत्तावार निघणाऱ्या मासिकांत छापून यायची. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं, मुलं पुढच्या इयत्तेत जातात, म्हणून 1970 च्या दशकात निरोपाच्या गोष्टी खरंच छापल्या गेल्या. त्यातली 1974 ची वाचाच. डोरेमॉनला भविष्यात परत जायचंय. त्याने निर्धास्त जावं म्हणून नोबिता रात्री दांडगट जियानशी एकटाच भिडतो. मार खातो, पण सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. सकाळी खोलीत फक्त ऊन, डोरेमॉन नाही.

पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परत! बोललेलं उलटं करणारं औषध पिऊन नोबिता म्हणतो, डोरेमॉन आता कधीच येणार नाही.

कोमापेक्षा मला तरी हेच जास्त रडवतं.