पुणे विभागाचे पर्यटन कार्यालय: अधिकार कुणाचे, प्रसिद्धी कुणाची

पुण्यात राज्याच्या पर्यटनाच्या दोन खुर्च्या आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पर्यटन संचालनालयाचा उपसंचालक पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली नोंदणी, योजना आणि प्रसिद्धी पाहतो. पर्यटन विकास महामंडळाचा प्रादेशिक व्यवस्थापक मुख्यतः पर्यटक निवासे चालवतो. प्रेक्षणीय स्थळ मात्र या दोघांपैकी कुणाच्याच ताब्यात नसते.

याचे मूळ महामंडळाच्या जन्मात आहे. १९७५ मध्ये ते कंपनी म्हणून स्थापन झाले. कंपनी आली की ताळेबंद आला: खोली दिली तर उत्पन्न, किल्ल्याची पुस्तिका छापली तर खर्च. साहजिकच जोर कार्ला, पानशेत, माळशेज घाट, महाबळेश्वर अशा मुक्कामाच्या ठिकाणांवर राहिला. शनिवारवाडा किंवा केळकर संग्रहालय पाहून संध्याकाळी परतणारा माणूस या हिशेबात बसतच नव्हता. पुढे धोरण आणि नोंदणीची कामे संचालनालयाकडे आली, ते बरेच झाले.

शहराच्या प्रसिद्धीचा मोठा प्रयत्न म्हणजे १९८९ मध्ये सुरू झालेला पुणे फेस्टिव्हल. गणेशोत्सव पर्यटकांपुढे मांडायचा, ही कल्पना सरळ होती. अडचण तिथीची. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरवर गेली. परदेशी सहल कंपन्यांची वेळापत्रके कितीतरी महिने आधी ठरतात. त्यामुळे पुढच्या दोन वर्षांच्या तारखा पंचांगातून काढून कळवणे, हे कार्यालयाचे साधे पण हमखास राहून जाणारे काम.

किल्ल्यांचा कारभार आणखी गुंतागुंतीचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड पुणे जिल्ह्यातले. पहिले दोन केंद्रीय पुरातत्त्व विभागाकडे, राजगड राज्य पुरातत्त्व विभागाकडे. सिंहगडाच्या घाटात गाडीचे शुल्क घेते ती वनविभागाची व्यवस्था. किरकोळ बांधकामही म्हणून अडते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ही कडक चौकट प्राचीन स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीने आली. जमीन वनाची असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी वेगळी.

पायथ्याच्या गावासाठी वाट ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाच्या दर्जाची. ग्रामपंचायतीचा ठराव, जागेची कागदपत्रे, पर्यटकांच्या संख्येचा अंदाज हे सारे जिल्हा नियोजन समितीपुढे जाते आणि तिथून निधी मिळतो. काम सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद करते. मग इमारत ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडते. बांधकामाला पैसे असतात. पाणी, वीजबिल आणि झाडणाऱ्याच्या पगाराला नसतात. उद्घाटनानंतर काही महिन्यांत दाराला कुलूप लागते ते यामुळे. प्रस्तावातच पाण्याचा स्रोत आणि देखभालीसाठी वाहनतळ शुल्काचा वाटा लिहून घेतला, तर हे बरेचसे टळते.

उपसंचालकाचा स्वतःचा अधिकार खरा दिसतो तो नोंदणीत: निवास व न्याहारी योजना आणि २०२० च्या धोरणानंतर कृषी पर्यटन केंद्रे. कृषी पर्यटन केंद्रासाठी किमान एक एकर शेती लागते. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची संमती अर्जाआधीच मिळवलेली बरी. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत असे केंद्र २००५ पासूनच चालू होते. धोरण पंधरा वर्षांनी आले.

उरतो पावसाळा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी धोक्याच्या ठिकाणी मनाई आदेश काढले. पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, अंमल पोलिसांचा. पर्यटन कार्यालयाच्या हातात राहते ती जाहिरात, आणि जून ते ऑगस्टच्या जाहिरातीत धबधब्याचे छायाचित्र टाकण्याचा मोह इथेच आवरायला हवा. त्या महिन्यांत आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय आणि भाजे लेणी पुढे करावीत, लोहगडासाठी सोमवार ते शुक्रवार सुचवावे, आणि मनाईच्या ठिकाणांची यादी हॉटेले व सहल आयोजकांना शनिवारी नव्हे, गुरुवारीच पोचवावी.