डिजिटल सज्जता मूल्यमापन : सोलापूरचा वस्त्रोद्योग

संगणक, संवेदक, जोडलेली यंत्रे आणि त्यांतून मिळणारी माहिती उत्पादनात वापरण्यास एखादा कारखाना कितपत तयार आहे, हे ठरीव प्रश्नावलीच्या आधारे तपासण्याची पद्धत. तपासणीत यंत्रांबरोबर कामाची रीत, माणसांचे कौशल्य आणि मालकाचा इरादाही पाहिला जातो. निष्कर्ष बहुधा शून्य ते पाच अशा पातळ्यांत मांडतात. प्रस्तुत नोंदीत ही पद्धत सोलापूरच्या चादर व टॉवेल उद्योगाच्या संदर्भात घेतली आहे.

‘सज्जता’ आणि ‘परिपक्वता’ हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. काटेकोर लिहिणारे मात्र बदल हाती घेण्यापूर्वीच्या तयारीला सज्जता आणि बदल सुरू असतानाच्या स्थितीला परिपक्वता म्हणतात. हा भेद 2016 मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी मांडलेल्या 9 परिमाणे आणि 62 बाबींच्या प्रतिमानात स्पष्ट दिसतो.

कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. ‘सज्जता’ हा शब्द अंतराळ तंत्रज्ञानातून आला, असे एक मत आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेत तंत्रज्ञान-सज्जतेच्या पातळ्यांची कल्पना 1970 च्या दशकात पुढे आली; आरंभी पातळ्या सात होत्या, पुढे त्या नऊ झाल्या. परंतु त्या पातळ्या एखादे उपकरण वापरण्याजोगे झाले आहे का, हे सांगतात. ते वापरणारा तयार आहे का, हा प्रश्न तेथे येत नाही. दुसरे मत संगणकाच्या कार्यालयीन वापराकडे बोट दाखवते. संस्थेतील संगणकवापर टप्प्याटप्प्याने वाढतो, असे रिचर्ड नोलन यांनी 1973 मध्ये मांडले. त्यांचे चार टप्पे 1979 मध्ये सहा झाले. त्याच वर्षी फिलिप क्रॉस्बी यांनी गुणवत्ता-व्यवस्थापनाची पाच पायऱ्यांची चौकट दिली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेत वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकाराने आकाराला आलेले पाच पातळ्यांचे क्षमता-परिपक्वता प्रतिमान (1991) या चौकटीचे ऋणी आहे. आजच्या प्रश्नावल्यांची पातळी-रचना पाहता ही गुणवत्ता-परंपरा अधिक जवळची वाटते. अंतराळ-परंपरेकडून प्रामुख्याने शब्द आला असावा.

‘इंडस्ट्री 4.0’ (जोडलेली यंत्रे व संगणक यांवर आधारलेली चौथी औद्योगिक क्रांती) ही संज्ञा जर्मनीतील 2011 च्या हॅनोव्हर औद्योगिक मेळ्यात पुढे आल्यानंतर कारखान्यांसाठी स्वतंत्र प्रतिमाने निघाली. त्यांत जर्मन यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेचे सहा परिमाणांचे प्रतिमान (2015), जर्मन तंत्रविज्ञान अकादमीचा सहा टप्प्यांचा निर्देशांक (2017) आणि सिंगापूरचा 3 घटक, 8 स्तंभ व 16 परिमाणांचा निर्देशांक (2017) विशेष परिचित आहेत. भारतात अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग भारत 4.0’ उपक्रमातील एक केंद्र पुण्यात आहे.

सोलापुरात कापडगिरणीचा आरंभ 1877 च्या सुमारास झाला. गिरण्या मागे पडत गेल्या तसा धंदा शहराच्या पूर्व भागातील आणि औद्योगिक वसाहतींतील यंत्रमागांवर स्थिरावला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक निर्देशन (जीआय मानांकन) मिळालेले आहे.

चादरीची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रणेवर, उठते. जॅकार्डच्या पत्त्यावर (जाड कागदाच्या कार्डावर) छिद्र असेल तर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तर नाही. म्हणजे ‘आहे-नाही’ अशी दोन अवस्थांचीच ही भाषा. त्यामुळे येथील विणकर संगणकाच्या आधीपासून डिजिटल होता, असे कौतुकाने म्हटले जाते. छिद्रित कागदाची युक्ती जोसेफ मारी जॅकार्ड यांच्याही (1804) आधीची आहे. बाझिल बुशों यांनी 1725 मध्ये कागदी पट्टी, तर त्यांचे साहाय्यक फाल्कन यांनी थोड्याच काळाने जोडलेले पत्ते वापरले. परंतु मूल्यमापनाच्या दृष्टीने हे कौतुक फारसे उपयोगी नाही. पत्त्यावरील माहिती मागाकडे जाते, मागाकडून परत काही येत नाही. धागा कितीदा तुटला, माग किती वेळ बंद होता, बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, किती फेरे पडले, हे पत्ता सांगत नाही. सज्जतेची प्रश्नावली नेमके तेच विचारते. पत्त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसवले तरी ही उलटी वाट आपोआप उघडते असे नाही. तिच्यासाठी वेगळी जोडणी करावी लागते.

साध्या यंत्रमागावर अशी जोडणी तुलनेने सोपी आहे. फिरत्या दांड्याजवळ संवेदक बसवून प्रत्येक फेऱ्याची, म्हणजे पिकाची, मोजणी करतात. समजा, माग मिनिटाला 150 पिके टाकतो. आठ तासांच्या पाळीत तो कमाल 72,000 पिके टाकू शकेल. मोजणी 50,400 दाखवत असेल, तर कार्यक्षमता 70 टक्के. उरलेल्या 30 टक्क्यांत धागा तुटणे, कांडी (बाण्याच्या सुताची) बदलणे, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) संपणे, वीज जाणे आणि जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट पाहणे यांतील कशाचा किती वाटा, हे कळण्यासाठी थांबण्याचे कारणही नोंदवावे लागते. संवेदक ते सांगत नाही, माणूसच सांगतो.

दुसरा वाद गुण एकत्र करण्याचा. काही प्रतिमाने सरासरी काढतात, काही सर्वांत कमी गुण ग्राह्य धरतात. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू झाल्यावर हिशेब संगणकावर आले. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना व्यापाऱ्यांमधील व्यवहारांसाठी ई-बीजक सक्तीचे झाले. नक्षीही संगणकावर बेतली जाते. अशा कारखान्याला हिशेबासाठी चार, नक्षीसाठी चार आणि मागासाठी एक गुण मिळाला, तर सरासरी तीन येते. किमान गुणाची रीत एकच गुण देते. माल मागावर तयार होत असल्याने दुसरी रीत वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. सरासरीच्या अहवालात मात्र असा कारखाना असतो त्याहून सुस्थितीत भासतो.

एकक कोणते धरावे, हाही प्रश्न आहे. प्रतिमाने एका छपराखालचा कारखाना गृहीत धरतात. सोलापुरात काही कारखान्यांत डायिंगपासून शिलाईपर्यंत सारे एकत्र असते, तर काही ठिकाणी सूत रंगवणे, वार्पिंग (ताण्याचे सूत बीमवर गुंडाळणे), विणाई ही कामे वेगवेगळ्या दारी होतात. रंगवलेल्या सुताच्या लडीची नोंद डायिंगवाल्याच्या वहीत आणि बीमची नोंद दुसऱ्याच वहीत असेल, तर एकट्या विणाईचे गुण अपुरे ठरतात. म्हणून साखळीचे मूल्यमापन करावे, असा विचार मांडला जातो. त्यासाठी सर्वमान्य गुणपद्धती रूढ झालेली नाही.

सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीचे ‘झेड’ प्रमाणपत्र (2016) आणि ही पद्धत यांत अनेकदा गल्लत केली जाते. त्याच्या 2022 मधील सुधारित रूपात कांस्य, रौप्य व सुवर्ण पातळ्यांसाठी अनुक्रमे 5, 14 व 20 निकष आहेत. भर मात्र दोषरहित व पर्यावरणास अपाय न करणाऱ्या उत्पादनावर आहे. 1 एप्रिल 2017 पासून राबवलेल्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेत साध्या मागांच्या सुधारणेस साहाय्य दिले जात असे. ती यंत्रसुधारणा होती, सज्जतेची तपासणी नव्हे.

प्रश्नावलीची भाषा हा भाग ग्रंथांत जवळजवळ दुर्लक्षित आहे. मागावरील अनेक कामगारांची घरची भाषा तेलुगू, बाजारची मराठी. प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीत. त्यामुळे कामगारांविषयीच्या प्रश्नांची उत्तरेही मालक किंवा कारकूनच देतो. जेथे मजुरी नगावर किंवा पिकावर ठरते, तेथे पिकांचा आकडा हा मजुरीचाही आकडा असतो, आणि तो पडद्यावर कोणाला दिसणार हे संवेदक बसवण्यापूर्वी ठरवावे लागते.