पोरगं टिकणार का? क्वार्टरबॅकच्या वादामागचं गणित

२९ ऑक्टोबर २०२३, रविवार. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात कॅरोलायना पँथर्स आणि ह्यूस्टन टेक्सन्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. शेवटच्या क्षणी पँथर्सच्या किकरने चेंडू दोन खांबांमधून पार केला आणि यजमान १५-१३ असे जिंकले. मोसमातला त्यांचा हा पहिलाच विजय. गुण कमी झाले, खेळही रटाळ झाला, तरी या सामन्यावर चाहत्यांच्या उड्या पडल्या होत्या. दोन्हीकडचे क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून संघाचं आक्रमण चालवणारे खेळाडू, बावीस वर्षांचे होते आणि सहा महिन्यांपूर्वी ड्राफ्टमध्ये पाठोपाठ निवडले गेले होते. पहिल्या क्रमांकावर पँथर्सने घेतलेला ब्राइस यंग, दुसऱ्यावर टेक्सन्सने घेतलेला सी. जे. स्ट्राउड.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेत कॉलेजातून आलेली नवी मुलं संघांनी पाळीपाळीने निवडायची असतात. त्यालाच ड्राफ्ट म्हणतात. पहिली पाळी मिळावी म्हणून पँथर्सने शिकागोच्या संघाला आपले चार ड्राफ्ट क्रमांक दिले, वर डी. जे. मूर हा आपला आघाडीचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडूही दिला. हे सगळं एका मुलासाठी. मग प्रश्न सुरू झाला तो आजतागायत थांबलेला नाही: पोरगं टिकणार का? उंची जेमतेम पाच फूट दहा इंच, समोरच्या धिप्पाड गड्यांच्या डोक्यावरून त्याला दिसणार तरी कसं? घेतला असता स्ट्राउड तर?

त्या रविवारी यंग जिंकला. पुढच्याच रविवारी स्ट्राउडने एका सामन्यात ४७० यार्डांचे पास आणि ५ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं) केले. पहिल्या मोसमातल्या खेळाडूने एका सामन्यात एवढे यार्ड त्याआधी कधीच काढले नव्हते. मोसम संपला तेव्हा यंगच्या नावावर १६ सामन्यांत २ विजय होते, तर स्ट्राउड त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू ठरला होता. बहुतेकांच्या लेखी निकाल लागला.

मला या वादाचं कुतूहल आहे ते त्यातल्या विज्ञानामुळे. एखाद्या तरुणाच्या भवितव्याबद्दल आपण किती थोड्या पुराव्यावर किती ठाम होतो, हे मोजून दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणं अवघड. इथे प्रत्येक पासची नोंद असते.

आधी पाहणाऱ्याच्या डोळ्यांबद्दल. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा सामना फार धसमुसळा झाला. प्रिन्स्टनचा नामांकित खेळाडू डिक कॅझमायर याचं नाक मोडलं, नंतर डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. अल्बर्ट हास्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि दिसतील ते नियमभंग टिपायला सांगितलं. डार्टमथने केलेले नियमभंग डार्टमथच्या मुलांना सरासरी ४.३ दिसले, प्रिन्स्टनच्या मुलांना ९.८. फिल्म एकच, मोजणीत दुपटीहून जास्त फरक. १९५४ साली छापलेल्या त्या निबंधात लेखकांचं म्हणणं असं होतं की दोन्ही बाजूंनी मुळात वेगवेगळा सामना पाहिला. त्यांत कुणी खोटं बोलत नव्हतं. यंगचा पास हुकला तेव्हा एकाला त्याची उंची दिसते, दुसऱ्याला सुटलेला रिसीव्हर दिसतो, तिसऱ्याला त्याला सांभाळणारी, पण कोलमडलेली पुढची फळी. तिघंही प्रामाणिक असतात.

म्हणून आकडे बघावेत, हे खरं. पण आकडेही वाटतात तितके बोलके नसतात, आणि इथे जरा थांबायला हवं.

पोतंभर चिंचोके आहेत आणि त्यांतल्या दर शंभरात दोन रंगवलेले आहेत असं समजा. डोळे मिटून ५०० चिंचोके काढले, तर रंगीत किती निघतील? सरासरी १०. पण प्रत्येक वेळी १० निघणार नाहीत. एकदा ७ निघतील, एकदा १३, क्वचित ४ किंवा १६. पोतं तेच, हात तोच. घरी बसून सहज करता येण्याजोगा हा प्रयोग आहे. मोजायला तासभर जाईल, पण हाताला एकदा त्या हेलकाव्याची सवय झाली की मोसमाचे आकडे पाहताना ती विसरता येत नाही.

आता ५०० चिंचोक्यांच्या जागी ५०० पास ठेवा, कारण नियमित खेळणारा क्वार्टरबॅक एका मोसमात साधारण तेवढेच पास टाकतो. रंगीत चिंचोका म्हणजे इंटरसेप्शन, प्रतिस्पर्ध्याने पळवलेला चेंडू. स्ट्राउडने २०२३ मध्ये ४९९ पास टाकले, त्यांत इंटरसेप्शन फक्त ५. पुढच्या वर्षी ५३२ पास आणि इंटरसेप्शन १२. लगेच 'दुसऱ्या वर्षी उतरला', 'प्रतिस्पर्ध्यांनी त्याला ओळखलं' अशी चर्चा सुरू झाली. दोन्ही वर्षं मिळून पाहिलं तर १,०३१ पासांत १७ इंटरसेप्शन होतात, म्हणजे शंभरात सुमारे १.६५. मुलगा दोन्ही वर्षं अगदी तसाच खेळला असं धरून हिशेब केला, तरी दोन वर्षांत एवढा किंवा याहून मोठा फरक साधारण सहा-सात वेळांतून एकदा नुसत्या योगायोगाने पडतो. दुसरीकडे, रिसीव्हरपर्यंत पोचलेल्या पासांचं प्रमाण पहिल्या वर्षी ६३.९ टक्के होतं आणि दुसऱ्या वर्षी ६३.२, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी.

स्ट्राउडमध्ये काहीच बदललं नाही असं मी म्हणत नाही. दुसऱ्या वर्षी तो जास्त वेळा चेंडूसकट पाडला गेला, ३८ ऐवजी ५२ वेळा. तो फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या आकड्यावरून सगळ्यांनी निष्कर्ष काढला, तोच आकडा सर्वांत जास्त हेलकावणारा होता. सर फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजताना जे टिपलं, ते इथे लागू पडतं. फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सहसा आईवडिलांहून थोडी कमी. अचाट आकड्यात गुणाबरोबर दैवाचाही वाटा असतो. पुढच्या खेपेला गुण सोबत येतो, दैव तसंच येईल याची हमी नसते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ५ इंटरसेप्शनचं वर्ष पाहून पुढच्या वर्षी जास्त होतील असं म्हणायला फुटबॉल कळायचीही गरज नव्हती.

एका सामन्याची गोष्ट तर आणखी नाजूक. ज्याचे ६५ टक्के पास पोचतात असा खेळाडू एका सामन्यात ३० पास टाकतो, तेव्हा केवळ योगायोगाने त्याचं प्रमाण ४८ पासून ८२ टक्क्यांपर्यंत कुठेही जाऊ शकतं. सोमवारी सकाळी ज्याच्यावरून भांडण होतं, तो हा आकडा.

मग खेळाडूच्या आतलं काही मोजता येणार नाही का? क्वार्टरबॅकचं काम नेमकं काय, ते आधी बघू. स्नॅप होतो, म्हणजे पुढचा गडी चेंडू मागे देतो, आणि चेंडू हातात येतो. तिथून पास सुटेपर्यंत साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद मिळतात. एवढ्या वेळात समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचायची, आपल्यापैकी कोण कुठे मोकळा होईल ते ओळखायचं, आणि रिसीव्हर आत्ता जिथे आहे तिथे नाही तर क्षणभराने जिथे पोचेल त्या रिकाम्या जागेत चेंडू फेकायचा. तेही शंभर-सव्वाशे किलोंची माणसं अंगावर चाल करून येत असताना.

हे वाचणं कसं घडतं, याचा उत्तम पुरावा बुद्धिबळातून आला. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली मांडणी फक्त पाच सेकंद दाखवून ती आठवणीने पुन्हा मांडायला सांगितली. कसलेल्या खेळाडूने सुमारे १६ मोहरी बरोबर ठेवली, नवख्याने ४. मग तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली. तेव्हा कसलेल्याची गत नवख्यासारखीच झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती. हजारो डावांतून त्याला मोहऱ्यांचे गट ओळखीचे झाले होते. क्वार्टरबॅकही अकरा माणसं एकेक करून पाहत नाही, ओळखीच्या आकृत्या पाहतो. कॉलेजातल्या आकृत्या वेगळ्या आणि एनएफएलच्या वेगळ्या, आणि नवी ओळख व्हायला वेळ लागतो. ती कुणाला किती लवकर होईल, हे आधी मोजायची रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

प्रयत्न भरपूर झाले. बारा मिनिटांत ५० प्रश्नांची वाँडरलिक ही बुद्धिचाचणी एनएफएलने अनेक दशकं घेतली आणि २०२२ मध्ये बंद केली. मग एस-टू नावाची संगणकावरची चाचणी गाजली. २०२३ च्या ड्राफ्टआधी तिचे फुटलेले आकडे वर्तमानपत्रांत आले, त्यांत यंग शंभरात ९८ वर होता आणि स्ट्राउड १८ वर. पहिल्या मोसमात काय झालं ते वर आलंच आहे.

अशा चाचण्या फसण्याचं एक कारण सांख्यिकीतच आहे. एनबीएच्या बास्केटबॉलपटूंत उंचीवरून खेळाची पारख होत नाही, पण त्यावरून बास्केटबॉलला उंची लागत नाही असं कुणी म्हणणार नाही. बुटके लोक आधीच गळून गेलेले असतात. उरलेले सगळेच ताडमाड. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीपर्यंत पोचलेली मुलं अशीच अनेक चाळण्यांतून आलेली असतात. चाळणीतून सारख्याच आकाराचे दाणे खाली आले, तर तीच चाळणी पुन्हा लावून लहानमोठं वेगळं करता येत नाही.

केड मॅसी आणि पुढे नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा असा हिशेब मांडला: एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू आणि त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेला खेळाडू, यांत आधीचा सरस निघण्याची शक्यता किती? ५२ टक्के. नाणेफेकीपेक्षा दोन टक्के जास्त. आणि संघ या फरकासाठी काय मोजतात, ते पँथर्सने दिलेल्या किमतीवरून दिसतंच.

उरलेला मोठा भाग मुलाच्या बाहेर असतो. चाहत्यांच्या वादात यालाच सर्वांत कमी जागा मिळते. २०२३ मध्ये यंग ६२ वेळा चेंडूसकट पाडला गेला. मोसम चालू असतानाच त्याच्या मुख्य प्रशिक्षकाला काढलं. ज्या रिसीव्हरकडे त्याने चेंडू फेकायचा, तो शिकागोला गेलेला, तोही त्याच्याच बदल्यात. पाडलं जाण्याचा सगळा दोष पुढच्या फळीवर टाकणंही बरोबर नाही; चेंडू किती वेळ धरून ठेवायचा हे क्वार्टरबॅकच ठरवतो. पण रोज मार खाणाऱ्या माणसाची नजर हळूहळू लांबच्या रिसीव्हरवरून जवळच्या धोक्याकडे सरकते, आणि एकदा ती सरकली की ओळखीच्या आकृत्याही विस्कटतात.

सॅम डार्नल्ड या क्वार्टरबॅकला २०१८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध त्याचे चार पास पळवले गेले आणि संघ ०-३३ असा हरला. बाकावर बसून तो म्हणाला, 'मला भुतं दिसताहेत.' अंगावरच्या माइकने ते टिपलं, देशभर ऐकवलं गेलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते वाक्य त्याला चिकटून राहिलं. मला ते वाक्य अतिशय अचूक वाटतं. पटावरची मोहरी विखुरली गेल्यावर बुद्धिबळपटूचं जे होतं, ते त्याने दोन शब्दांत सांगितलं होतं. तीन संघ फिरून २०२४ मध्ये तो मिनेसोटात आला. तिथे प्रशिक्षक चांगला होता, रिसीव्हर उत्तम होते. त्याने ३५ टचडाउन पास टाकले आणि संघ १७ पैकी १४ सामने जिंकला. हात २०१९ मध्ये होता तोच.

अशा वेळी 'मला आधीच माहीत होतं' म्हणणारे पुष्कळ भेटतात. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हे तपासलं, आणि त्यासाठी वापरलेलं प्रकरण आपल्याकडचं आहे: १८१४ साली सुरू झालेलं इंग्रज आणि गुरख्यांचं युद्ध. विद्यार्थ्यांना त्याची माहिती वाचायला दिली. काहींना इंग्रज जिंकले असं सांगितलं, काहींना गुरखे, काहींना काहीच नाही. ज्यांना जो शेवट सांगितला, त्यांना तोच शेवट माहितीवरून जास्त संभवनीय वाटला. शेवट कळला की त्याआधीची आपली अनिश्चितता आठवेनाशी होते. म्हणून मी एक करतो. मोसमाआधी कुठल्या खेळाडूबद्दल काय वाटतं ते टक्क्यांत लिहून तारीख घालून ठेवतो. स्ट्राउडच्या दुसऱ्या वर्षाबद्दल माझा अंदाज चुकला होता. वहीत नसता तर मी तो बरोबर आल्याचं शपथेवर सांगितलं असतं.

यंगला सप्टेंबर २०२४ मध्ये दोन पराभवांनंतर बाकावर बसवलं. पुढे डाल्टन या अनुभवी बदली क्वार्टरबॅकच्या अंगठ्याला मोटार अपघातात दुखापत झाली म्हणून त्याला परत खेळवावं लागलं. तोपर्यंत पुढच्या फळीत नवी माणसं आली होती आणि तो पूर्वीपेक्षा बराच कमी पाडला जात होता. ५ जानेवारी २०२५ ला अटलांटात मोसमाचा शेवटचा सामना झाला. त्याने ३ टचडाउन पास टाकले, २ स्वतः धावत नेले, आणि पँथर्स जादा वेळेत ४४-३८ असे जिंकले. पाहताना मी खुर्चीवरून उठलो होतो.

मग हिशेब केला. ३४ पास, त्यांतले २५ पोचले. ७४ टक्के, अधिकउणे १५. त्याच्यावर जीव असलेल्याने ८९ धरावेत, रागावलेल्याने ५९. त्या रात्रीच्या पुराव्यातून दोन्ही निघतात.