नळ्यांचा सोलर की तांब्याचा? आधी बोअरचं पाणी बघा

पऱ्हाट्या-तुराट्या जाळून न्हाणीतला बंब तापवायचा कंटाळा आला की घरात 'सोलर'चा विषय निघतो. पण या एका शब्दात आपण तीन वस्तू कोंबतो. वीज तयार करणारं पॅनल ही वेगळीच वस्तू, तिचा इथे संबंध नाही. पाणी तापवणाऱ्या सोलरमध्ये दोन जाती आहेत. काचेच्या काळ्या नळ्यांची रांग असते तो ईटीसी. काच लावलेली सपाट पेटी असते तो एफपीसी. दोन्हींवर गोल टाकी असते आणि दोन्ही '100 लिटर' म्हणूनच विकले जातात, त्यामुळे लोक फक्त किंमत बघून निवडतात. विदर्भात मात्र निवड बोअरच्या पाण्यावरून करायची असते.

ईटीसीची नळी म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन काचा, मधली हवा काढून घेतलेली. थर्मासचंच तत्त्व. नेहमीची नळी 58 मिलिमीटर जाडीची आणि 1800 मिलिमीटर लांबीची असते. 100 लिटरला अशा दहाच्या आसपास लागतात. पाणी थेट नळीत उतरतं, तापतं, हलकं होऊन टाकीत चढतं. एफपीसीच्या पेटीत काचेखाली तांब्याचा काळा पत्रा आणि त्याला जोडलेल्या अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या उभ्या नळ्या असतात. 100 लिटरला साधारण 2 चौरस मीटरची एक पेटी. पंप दोन्हीत लागत नाही.

नळी गोल असल्यामुळे ती सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही घेते आणि निर्वात जागेमुळे गार वाऱ्यात उष्णता सोडत नाही. म्हणून ढगाळ, थंड प्रदेशात ईटीसी सरस ठरतो. आपल्याकडे थंडी कमी नाही, डिसेंबर 2018 मध्ये नागपूरचा पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. पण कडाक्याच्या थंडीचे आपले दिवस बहुतेक निरभ्र असतात. अशा उन्हात दोन्ही सोलर संध्याकाळपर्यंत आंघोळीजोगं पाणी देतात. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 वर न्यायला सुमारे 4 युनिट वीज लागते. ती दोन्हीत वाचते. टाकीत 60 अंशांचं पाणी असलं आणि त्यात 20 अंशांचं तितकंच मिसळलं, तर 40 अंशांच्या 20 लिटरच्या दहा बादल्या होतात. पाच माणसांच्या घराला 100 लिटर पुरतं. विक्रेता 200 सांगत असेल, तर घरात माणसं किती ते आधी मोजा.

आता पाणी. अमरावती, अकोला, बुलडाण्यातल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट आहे. इतरत्रही बोअरच्या पाण्याने भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो हे घरातल्या बायकांना कोणत्याही मीटरशिवाय ठाऊक असतं. जड पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो आणि सर्वांत तापलेल्या जागी चिकटतो. एफपीसीत ती जागा म्हणजे अर्ध्या इंचाची तांब्याची नळी. आतून थर वाढत जातो, वाट अरुंद होते, पाण्याचं फिरणं मंदावतं. लक्षण सोपं आहे: ऊन कडक, पेटी हाताला चटका देणारी, आणि टाकीतलं पाणी कोमट. मग तंत्रज्ञाकडून आम्लाने धुऊन घ्यावं लागतं. उशीर झाला तर नळी पूर्ण बुजते आणि पेटीच बदलावी लागते.

ईटीसीतही चुना साचतो, पण नळी आतून चार सेंटिमीटरहून जास्त रुंद असते. खपल्या सुटून तळाशी बसतात आणि वाट चटकन बंद होत नाही. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, नळ्या काढून धुता येतात. म्हणून जड पाण्याच्या गावात आमचं मत सरळ ईटीसीच्या बाजूने आहे. एफपीसी हवाच असेल तर हीट एक्सचेंजरचा घ्या. त्यात पेटीतून स्वच्छ पाणी बंद चक्रात फिरतं आणि बोअरचं पाणी पेटीत जात नाही. तो महाग पडतो.

खारट आणि जड हे मात्र एक नव्हे. जडपणा नळ्या बुजवतो, पाणी खारट करणारं क्लोराइड टाकीला खातं. स्टीलची 304 प्रतीची टाकी खारट गरम पाण्यात वेल्डिंगच्या जोडाजवळ बारीक छिद्रं पडून गळू लागते. खारपाणपट्ट्यात 316 प्रतीची टाकी मागा, किंवा आतून काचेचा लेप आणि मॅग्नेशियमचा दांडा असलेली. तो दांडा टाकीऐवजी स्वतः झिजतो, त्यामुळे तो दर एक-दोन वर्षांनी बघून बदलावा लागतो. पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकच आकडा दहा सेकंदांत दाखवणारा टीडीएस मीटर जडपणा आणि क्लोराइड वेगळे सांगत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि क्लोराइडची 250 आहे. तुमचे आकडे याच्या बरेच वर असतील, तर वॉरंटी कार्डावरची पाण्याची अट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. नळयोजनेचं धरणाचं किंवा तलावाचं पाणी येत असेल, तर ही चिंता बरीच कमी होते आणि एफपीसी उत्तम चालतो, कित्येक वर्षं.

एफपीसीचं खरं बळ गारपीट आणि वानरं यांच्यापुढे दिसतं. त्याची काच टफन्ड, म्हणजे सहज न फुटणारी असते. फुटलीच तरी पाणी तांब्यात असतं, फक्त कमी तापतं. ईटीसीची एक नळी फुटली की त्या भोकातून अख्खी टाकी रिकामी होते आणि वरच्या थंड पाण्याच्या टाकीतलंही पाणी वाहत राहतं. स्लॅबवर वानरांचा वावर असलेल्या गावात नळ्यांवर जाळी घातल्याशिवाय ईटीसी बसवू नये. जाळीने थोडं ऊन अडतं, ते चालेल.

बसवताना तोंड दक्षिणेला, उतार 30 अंशांच्या आसपास. पाण्याने भरलेलं 100 लिटरचं यंत्र दीडशे किलोकडे जातं, म्हणून कवेलू किंवा टिनाच्या छपरावर नाही, न्हाणीच्या स्लॅबवर. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा वर हवा, पण फार उंचावरून पाणी घेतलं तर ईटीसीच्या नळ्या टाकीत शिरतात तिथल्या रबरी रिंगा गळतात. सोलरच्या टाकीवरची हवेची नळी थंड टाकीच्या वरच्या काठाहून निदान एक फूट उंच आणि कायम उघडी ठेवा. ती बंद केली तर पाणी ओढताना टाकी आत चेपते. एफपीसीत टाकी पेटीच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच नसेल, तर रात्री पाणी उलटं फिरून थंड होतं. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप लावा, साधा पांढरा पीव्हीसी मऊ पडून लोंबतो. पाऊण इंची 20 मीटर लाइनमध्ये पाच लिटरच्या आसपास पाणी अडकतं. दर आंघोळीआधी ते गार पाणी सोडावं लागतं, म्हणून सोलर न्हाणीच्या जितका जवळ तितका बरा.

वापरातली सर्वांत मोठी चूक ईटीसीत होते. वीज नसल्याने टाकी रिकामी राहते, नळ्या उन्हात कोरड्या तापतात, आणि दुपारी वीज आली की मोटर चालू करून गार पाणी आत सोडलं जातं. नळी तडकते. रिकामा सोलर पहाटे किंवा ऊन उतरल्यावरच भरा. एप्रिल-मेमध्ये, टाकीचं साधं पाणीही चटके देतं तेव्हा, अर्ध्या नळ्यांवर पोतं टाका, पण आत पाणी राहू द्या.

नळीच्या खालच्या टोकाला चांदीसारखा चमकता डाग असतो. तो पांढरट झाला की आत हवा शिरली, निर्वातपणा गेला. ती नळी पाणी धरेल, पण उष्णता धरणार नाही, म्हणून बदलून घ्या. रिंगेला साबणाचं पाणी लावून हळूहळू फिरवत बसवली की नळी सरकते, जोराने दाबली तर फुटते. घेतानाच त्याच मापाच्या दोन नळ्या आणि चार रिंगा जास्तीच्या बिलात लिहून घ्या. त्या मूळ खोक्यातच, आडव्या ठेवा.