प्रहसन व काव्यरसग्रहण यांचे अध्यापन (ग्वाल्हेर)

प्रहसन व काव्यरसग्रहण यांचे अध्यापन : उपहासप्रधान नाटक आणि कविता हे दोन प्रकार अकरावी-बारावीच्या तयारीच्या विद्यार्थ्यांना एकाच सत्रात, एकमेकांच्या आधाराने शिकवण्याची रीत. दोन्हींचे कुलूप एकाच किल्लीने उघडते : बोलतो आहे कोण, आणि जे बोलतो आहे ते त्याला खरोखरच म्हणायचे आहे का? नाटकात पात्राचे नाव संवादाच्या आधी छापलेले असते, त्यामुळे हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. कवितेत तो कुणी विचारतच नाही. ‘कवी म्हणतो की’ अशी सुरुवात केली की विद्यार्थी मोकळा आणि गाईड छापणाराही मोकळा.

ग्वाल्हेरात या अध्यापनाला निराळे वळण लागते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसलेल्या लष्कर भागात मराठी घरांच्या कित्येक पिढ्या झाल्या. पण आज त्या घरांतली बहुतेक मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. मराठी कानावर पडते ती घरात, गणेशोत्सवात आणि ढोलीबुवांच्या परंपरेतल्या कीर्तनात. म्हणून ही मुले वर्गात एक गोष्ट पक्की घेऊन येतात आणि एकीला मुकलेली असतात. पक्के असतात ते हिंदीच्या तासाला घोटून घेतलेले रस, छंद आणि अलंकार. उणा असतो तो मराठीच्या निरनिराळ्या बोलींचा कान. पुण्याच्या मुलाला भिक्षुकी आर्जव, पेठेतला खवचटपणा आणि गावरान ठसका ऐकताक्षणी वेगवेगळे वाटतात. घरी ‘बाबा येऊन राहिलेत’ अशी मराठी बोलणाऱ्या मुलीला ही सगळी सरसकट ‘नाटकातली मराठी’ वाटते. उपहास तर याच फरकांवर उभा असतो. तेव्हा इथे पहिले काही तास मोठ्याने वाचण्यातच घालवावे लागतात : एकच वाक्य आधी सरळ, मग लाडीगोडीने, मग टोमणा म्हणून. हे तास वाया जातात असे मानणारे शिक्षक पुढे वर्षभर विनोद समजावून सांगत बसतात.

शास्त्राचा भाग थोडक्यात आटोपता येतो. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रहसन हे दहा रूपकांपैकी (म्हणजे नाट्यप्रकारांपैकी) एक असून त्याचे शुद्ध व संकीर्ण असे दोन भेद सांगितले आहेत. हास्यरसाच्या विवेचनात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित अशा सहा पायऱ्या येतात. पहिल्या दोन उत्तम, मधल्या दोन मध्यम आणि शेवटच्या दोन अधम पात्रांच्या. सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मा याचे ‘मत्तविलास’ हे संस्कृत प्रहसन आजही वाचनीय आहे. ‘हास’ हा हास्याचा स्थायी भाव हे हिंदीच्या पुस्तकातून आलेले वाक्य मुले धडाधड म्हणून दाखवतात. कोण कसे हसतो हे या यादीतून कळते, कुणाला हसायचे ते कळत नाही. नटाला ती उपयोगी, उपहास शिकवणाऱ्याला अर्धीच.

मराठी पाठ्यांपैकी गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ (१८९९) वर्गात सर्वांत चांगले चालते. लहानग्या शारदेशी लग्न करू पाहणारा म्हातारा भुजंगनाथ, पैशाला चटावलेला तिचा बाप कांचनभट आणि जुळवाजुळव करणारा भद्रेश्वर दीक्षित हे त्रिकूट समजायला टिपांची गरज पडत नाही. त्यातले ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे थट्टेचे पद म्हणजे नाटक आणि कविता यांचा सांधाच. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर हे आधीच सांगून टाकावे. विनोदाच्या मधोमध आकडेमोड आली की तो मेलाच. मग मुलांना ‘अवघे’च्या जागी ‘तब्बल’ घालून ओळ म्हणायला लावावी. ‘तब्बल’ म्हटले की उरते ती नुसती तक्रार. ‘अवघे’ म्हटले की स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाची गोडबोली भाषा थट्टा करणारीच्या तोंडी येते आणि त्या भाषेचेच सोंग निघते. बोलणारी एक, आवाज दुसऱ्याचा : एवढे एकदा कळले की उपहासाच्या व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात तो हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. नाटकातल्या नायिकेचे नाव त्याला दिलेले नाही. हा घोटाळा वर्गात हटकून होतो.)

प्र. के. अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) शिकवताना अडचण वेगळीच येते. सूर्यनमस्काराचे वेड हा त्यातला विनोदाचा एक मोठा विषय. पण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा केवढा प्रचार केला होता हे माहीत नसेल, तर आजच्या मुलांना तो नुसता विक्षिप्तपणा वाटतो. माळव्याच्या वाचकाला यातली पुढची गोष्ट ठाऊक असावी : १९३५ मध्ये इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हेच भवानराव होते. उपहास माणसाचा की वेडाचा, या वादाला हे उदाहरण पुरून उरते.

कवितेसाठी ग्वाल्हेरात दूर जावे लागत नाही. भास्कर रामचंद्र तांबे (१८७३–१९४१) यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा आणि पुढे ते या संस्थानचे राजकवी झाले. त्यांच्या समग्र कवितेत अनेक कवितांसोबत जाती (म्हणजे मात्रांवर बांधलेले वृत्त), राग, ठिकाण आणि तारीख छापलेली आहे. ‘लष्कर-ग्वाल्हेर’ हे ठिकाण वाचून शेजारच्या गल्लीत राहणारा मुलगा एकदम सावरून बसतो, आणि शिक्षकाचे निम्मे काम होते. नाट्यगीत, म्हणजे एखाद्या पात्राच्या तोंडून बोलणारी कविता, हा प्रकार मराठीत रुजवण्याचे श्रेय तांब्यांना दिले जाते. ‘नववधू प्रिया मी बावरते’ लिहिणारा पुरुष आहे आणि बोलणारी नवी नवरी, एवढे फळ्यावर लिहिले तरी ‘कवी म्हणतो की’ लंगडे पडते. त्या जागी ‘इथे बोलणारी’ किंवा ‘इथे बोलणारा’ लिहिण्याची सवय लावावी.

उपहासाच्या अंगाने मात्र ‘जन पळभर म्हणतिल हाय हाय’ ही कविता अधिक फळते. बहुतेक मुलांनी ती गाणे म्हणून ऐकलेली असते आणि गाताना लघू (एका मात्रेची) अक्षरेही गुरूंसारखी (दोन मात्रांची) ताणली जातात, म्हणून चाल बाजूला ठेवून आधी ओळी नुसत्या म्हणायच्या. मग मात्रा मोजायच्या. हिंदीत दोहा-चौपाई मोजून तयार झालेल्या मुलांना हे महाराष्ट्रातल्या मुलांपेक्षा लवकर जमते. आजच्या लेखनाप्रमाणे ‘म्हणतील’ लिहिले तर सतरा मात्रा भरतात, ‘म्हणतिल’ ठेवले तर सोळा. सोळा म्हणताच कुणीतरी ‘चौपाई!’ म्हणून ओरडतो. चौपाईच्या चरणाअखेर गुरू-लघू चालत नाही आणि इथे तर ओळ ‘हाय हाय’वर संपते, हे त्याचे त्यालाच शोधू द्यावे.

खरी मौज पुढे आहे. सगेसोयरे डोळे पुसून कामाला लागतील हे सांगितल्यावर ओळ येते : ‘उठतिल बसतिल हसुनि खिदळतिल’. सोळा मात्रा आणि सोळाही अक्षरे लघू; एकही गुरू नाही. लगेच पुढची ओळ, ‘मी जाता त्यांचे काय जाय’, जवळजवळ सगळी गुरूंची. रडून झालेले जग तुरुतुरु पळते आहे आणि मरणाराचा प्रश्न पाय ओढत मागून येतो आहे, हे अर्थ सांगण्याआधी जिभेलाच कळते. ‘हसतिल’ एवढ्यावर न थांबता ‘खिदळतिल’ का, हा प्रश्न त्यानंतर विचारावा. खिदळण्यात थोडा थिल्लरपणा आहे, आणि तिथेच शोकाचे ढोंग उघडे पडते. म्हणजे करुण समजली जाणारी ही कविता इथे प्रहसनाच्या अंगणात पाऊल टाकते. अखेरच्या ओळीतले ‘शांतीत काय’ मात्र हिंदीच्या सवयीने प्रश्न म्हणून वाचले जाते. तिथला ‘काय’ म्हणजे देह, हे सांगावेच लागते.

लेखनाचा सराव विडंबनाने होतो. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाने हा प्रकार लोकप्रिय केला. ते स्वतः शाळेचे हेडमास्तर होते, हा योगायोग नव्हे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. विडंबनात मात्रा चुकली की विनोदही पडतो, त्यामुळे छंदाची शिस्त आपोआप येते. विषय जवळचे द्यावेत. माधवराव शिंद्यांच्या काळात १९०५ मध्ये सुरू झालेला ग्वाल्हेरचा मेळा, तिथली थंडी आणि काही न घेता हिंडणारी गर्दी यावर सोळा लघूंची ओळ मागितली, तर ‘फिरतिल, बघतिल, गजक चघळतिल’ इथपर्यंत वर्ग सहज येतो. दुसरी, गुरूंची ओळ अवघड जाते. कोचिंग क्लास हाही हमखास विषय आहे, पण त्यावर मुले रागावून लिहितात आणि रागात उपहास टिकत नाही.

परीक्षेशी या रीतीचे फारसे जमत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे असतात, आणि तो साचा ग्वाल्हेरातल्या मराठी शिकवणाऱ्यांपर्यंतही पोचला आहे. लघू-गुरूंचे निरीक्षण तिसऱ्या कप्प्यात टाकले की त्याचा पहिल्याशी असलेला संबंध तुटतो. तिन्ही कप्पे एकाच ओळीवर लिहायला लावणे हा त्यातला मार्ग. मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे या मुळात समीक्षक. १९६१ चे ते संमेलन ग्वाल्हेरलाच झाले होते. त्यांचे समीक्षालेख बारावीच्या मुलांना जड जातात, तरी कप्प्यांशिवायचे रसग्रहण दिसावे म्हणून एखादा उतारा जरूर वाचून दाखवावा.

प्रयोगासाठी पूर्ण नाटक घेऊ नये. आर्टिस्ट कंबाइनसारख्या जुन्या संस्थेचे नाट्यमंदिर शहरात आहे, पण वर्गातली बाके सरकवूनही एक प्रवेश होतो. भुजंगनाथ करायला सगळेच तयार असतात, कांचनभट करायला कुणी धजत नाही. ती भूमिका वाचनात सर्वांत सरस ठरलेल्या मुलीला द्यावी.